शाल्यापिन : कंठ आणि मुखवटा

गायकाची कीर्ति सर्वांत अल्पायुषी, असें म्हणतात. कवीचें काव्य मागें राहतें, चित्रकाराचें चित्र भिंतीवर टांगलेलें असतें. परंतु गायकाचा कंठ मिटला म्हणजे उरते ती ऐकणारांची आठवण, आणि ऐकणारे गेले म्हणजे तीहि जाते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रानें या नियमास अपवाद निर्माण केला हें खरें. तथापि ज्याची निम्मी कला डोळ्यांनीं पाहावयाची होती, अशा गायकाच्या बाबतींत हें यंत्रहि अपुरेंच पडतें. रशियाचा विख्यात ऑपेरागायक फ्योदोर इव्हानोविच शाल्यापिन (१८७३–१९३८) हा अशा गायकांचा अग्रणी होय. त्याच्या मृत्यूस आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तरीहि त्याचें नांव निघालें कीं दोन ठराविक मतें आजहि ऐकूं येतात.

पहिलें मत असें कीं, शाल्यापिन हा निसर्गाचा एक चमत्कार होता. व्होल्गाकांठच्या दारिद्र्यांत जन्मलेल्या एका अर्धशिक्षित पोराच्या गळ्यांत परमेश्वरानें अद्भुत आवाज घातला आणि त्या आवाजानें जग जिंकलें, एवढीच त्याची कथा. दुसरें मत असें कीं, कलावंत म्हणून तो थोर असेल, पण माणूस म्हणून हलका होता. झारपुढें त्यानें गुडघे टेकले आणि क्रांति झाल्यावर सुखासाठीं मायदेश सोडला. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. पहिल्यांत त्याच्या श्रमांवर अन्याय आहे आणि दुसऱ्यांत त्याच्या स्वभावावर. आणि या दोन अन्यायांचें मूळ एकच आहे, असें दाखवितां येईल अशी आमची समजूत आहे.

पुढें जाण्यापूर्वीं ऑपेरा या प्रकाराविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या संगीत नाटकांत गद्य आणि पद्य आळीपाळीनें येतात. पात्र बोलतां बोलतां थांबतें, पेटीवाला सूर देतो, पद सुरू होतें. पद रंगलें तर ‘वन्स मोअर’ मिळतो, आणि कथानक तेवढा वेळ विंगेंत वाट पाहत उभें राहतें. ऑपेरांत बहुधा अशी सोय नसते. तेथें राजानें प्रधानास द्यावयाची आज्ञासुद्धां गाऊनच द्यावयाची. कोणता शब्द कोणत्या स्वरावर आणि किती मात्रा म्हणावयाचा हें संगीतकारानें आधींच लिहून ठेवलेलें असतें. समोर मोठा वाद्यवृंद असतो आणि हातांत छडी घेतलेला त्याचा संचालक लय सांभाळीत असतो. आपल्या गवयास बढतीचें, तानेचें, आलापाचें जें स्वातंत्र्य आहे त्याचा तेथें मागमूस नाहीं. मग गायकाचें स्वतःचें असें काय उरतें? पुष्कळांच्या मतें उरतो तो आवाज. शाल्यापिनच्या मतें उरतो तो शब्दाचा रंग. ‘ये’ हा एकच शब्द एकाच स्वरावर आईनें म्हटला तर त्याचा अर्थ एक, आणि फौजदारानें म्हटला तर दुसरा. ध्वनीच्या वळणानें अर्थ पालटण्याच्या या शक्तीस आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं ‘काकु’ असें नांव दिलें आहे. शाल्यापिनचें सारें कलाजीवन म्हणजे या काकूचा शोध होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याचा जन्म १८७३ च्या फेब्रुवारींत काझान शहरीं झाला. बाप मूळचा व्यात्का प्रांतांतला शेतकरी. लिहावयास शिकून तो स्थानिक कचेरींत कारकून झाला होता. शुद्धींत असला म्हणजे हा गृहस्थ मितभाषी व सभ्य असे. प्यालेला असला म्हणजे बायकोपोरांना मारी. आई लोकांच्या घरीं मोलमजुरी करी. मुलास आधीं एका चांभाराकडे, मग एका कातारी कारागिराकडे उमेदवारीस ठेविलें. पुढें कचेरींत नकला करण्याचें कामहि त्यानें केलें. देवळांतल्या गायकवृंदांत गाऊन चार पैसे मिळतात हा शोध त्यास लहानपणींच लागला. आठ वर्षांचा असतां जत्रेंत याश्का नांवाचा एक विदूषक त्यानें पाहिला, आणि उघड्यावर फळ्या टाकून उभा राहिलेला हा मनुष्य केवळ बोलण्यानें हजारों लोकांना हंसवितो हें पाहून तो थक्क झाला. पुढें आपल्या नाट्यप्रेमाचा उगम सांगतांना त्यानें या याश्काचें ऋण कृतज्ञतेनें मान्य केलें आहे.

१८९० सालीं, सतराव्या वर्षीं, तो उफा गांवच्या एका फिरत्या मंडळींत समूहगायक म्हणून लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस एका लहानशा भूमिकेंत त्यास एकट्यानें गाण्याची संधि मिळाली. त्यानंतरचीं दोन वर्षें म्हणजे निव्वळ भटकंती. एका युक्रेनी मंडळीबरोबर तो गांवोगांव हिंडला, मंडळी सुटली, कॉकेशसांत उपासमार झाली, शेवटीं तिफ्लिस शहरीं रेल्वेच्या हिशेबखात्यांत त्यानें कारकुनी धरली. याच शहरीं उसातोव्ह नांवाचा मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहांतला एक निवृत्त गायक शिकवण्या करीत असे. १८९२ सालीं शाल्यापिन त्याच्यापुढें जाऊन उभा राहिला. उसातोव्हनें त्यास फुकट शिकविलें, जेवूं घातलें, अंगावर धड कपडे दिले, जेवणाच्या मेजावर कसें वागावें हेंहि सांगितलें. आणि चुकल्यास काठीहि उगारली. श्वास कसा घ्यावा, आवाज कसा टेकवावा हें तर या गुरूनें शिकविलेंच. पण मुसोर्ग्स्कीसारख्या, त्या काळीं पुष्कळांना ओबडधोबड वाटणाऱ्या, संगीतकाराच्या रचनांत भाषेचें मर्म कसें दडलेलें आहे हेंहि त्यानें दाखविलें. शाल्यापिनच्या आयुष्यांतील पहिलें दान हें असें एका शिक्षकाचें आहे. तें वगळून परमेश्वराच्या देणगीची गोष्ट सांगणें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें.

१८९५ सालीं पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की या शाही नाट्यगृहांत त्यास नोकरी मिळाली. येथें वस्तुतः त्याचें भाग्य उजळावयास हवें होतें. पण तसें झालें नाहीं. आवाज चांगला आहे, परंतु भूमिका पडते, असा अनुभव येऊं लागला. ग्लिंकाच्या ‘रुस्लान’ ऑपेरांतली नायकाची भूमिका तर साफ पडली. दार्गोमिझ्स्कीच्या ‘रुसाल्का’ या ऑपेरांत घरंदाज दळणवाल्याची भूमिका त्याच्याकडे होती, तीहि रंगेना. त्यानें आपलें गाऱ्हाणें दाल्स्की नांवाच्या एका गद्य नटापाशीं नेलें. दाल्स्कीनें त्यास तें गीत म्हणावयास लाविलें आणि निदान केलें तें असें कीं, तुझे स्वर बरोबर आहेत, पण माणूस चुकला आहे. हा दळणवाला वयस्क, भारदस्त, आब राखून बोलणारा शेतकरी. आणि तूं त्याचे शब्द फेरीवाल्या दुकानदाराच्या ढंगानें फेकतोस. शाल्यापिननें लिहून ठेविलें आहे कीं, ही गोष्ट ऐकल्यावर आपणांस एकदम लाज वाटली आणि आनंदहि झाला. लाज यासाठीं कीं इतकी उघड गोष्ट आपणांस दिसली नाहीं; आनंद यासाठीं कीं वाट सांपडली. त्या दिवसापासून तो गायकांकडून गाणें शिकण्यापेक्षां गाणाऱ्यांखेरीज इतरांकडून गाणें शिकूं लागला. आमच्या मतें त्याच्या चरित्रांतला सर्वांत महत्त्वाचा दिवस तो हा.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९६ सालीं, निझ्नी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनाच्या वेळीं त्याची गांठ सव्वा मामोंतोव्ह या धनिकाशीं पडली. मामोंतोव्ह हा रेल्वे बांधणारा उद्योगपति. परंतु त्याचा जीव कलेंत. मॉस्कोंत त्यानें स्वतःचें खाजगी ऑपेरागृह चालविलें होतें आणि त्याचे पडदे रंगविण्यास कोरोविन, सेरोव्ह, व्रूबेल, वास्नेत्सोव्ह असे त्या काळचे अव्वल दर्जाचे चित्रकार बोलाविले होते. शाही नाट्यगृहाचा करार मोडल्याबद्दलचा दंड मामोंतोव्ह आणि शाल्यापिन यांनीं अर्धा अर्धा सोसला, आणि शाल्यापिन मॉस्कोस आला. १८९६ ते १८९९ हीं तीन वर्षें त्याचें खरें विद्यापीठ होत. चित्रकारांच्या सहवासांत त्यानें वेष, रंगभूषा, हातांची ठेवण, अंगावरच्या वस्त्राची चुणी यांकडे पाहावयास शिकलें. पुढें जन्मभर तो आपली रंगभूषा स्वतः करीत असे, आणि भूमिकेचा चेहरा आधीं कागदावर रेखाटून मग तोंडावर उतरवीत असे.

याच काळांत रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘प्स्कोव्हची कन्या’ या ऑपेरांत भयंकर इव्हान या झारची भूमिका त्यानें घेतली. त्यानें इतिहास वाचला. रेपिन, वास्नेत्सोव्ह, अंतोकोल्स्की यांनीं घडविलेले इव्हान पाहिले. तरी तालमींत भूमिका जमेना. झार एका सरदाराच्या दारांत येऊन आंत यावें कीं नाहीं असें विचारतो, तें त्याचें पहिलेंच वाक्य. शाल्यापिन तें कुजक्या, खवचट स्वरांत म्हणे. मामोंतोव्ह प्रेक्षागृहांत बसून पाहत होता. त्यानें सहज सांगितलें कीं, तुझ्या इव्हानमध्यें लबाड आहे, ढोंगी आहे. भयंकर मात्र कोठें दिसत नाहीं. शाल्यापिन उमगला. त्यानें तेंच वाक्य जड, दरारा भरलेल्या आवाजांत म्हटलें, आणि त्याबरोबर साऱ्या रंगभूमीचा रंग पालटला. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, स्वर तेच, मात्रा त्याच, कंठ तोच होता. बदलला तो काकु.

१८९८ च्या उन्हाळ्यांत मामोंतोव्हची मंडळी खेड्यांत विश्रांतीस गेली. तेथें रख्मानिनोव्ह हा तरुण पियानोवादक शाल्यापिनकडून मुसोर्ग्स्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ची तयारी करून घेत होता. हा पुढें जगप्रसिद्ध झालेला संगीतकार शाल्यापिनचा समवयस्क. त्यानें त्यास संगीतशास्त्राचे पाठ दिले आणि केवळ आपली भूमिका नव्हे तर सर्व पात्रांचें गाणें पाठ करावयास लाविलें. शेजारींच क्लुचेव्स्की हा थोर इतिहासकार राहत असे. शाल्यापिननें त्याच्याकडे जाऊन बोरिसच्या काळाची माहिती विचारली. म्हातारा इतिहासकार त्यास रानांत फिरावयास घेऊन गेला आणि चालतां चालतां थांबून बोरिस आणि त्याचा कपटी सरदार शुइस्की यांचा संवाद स्वतःच दोन्ही बाजूंनीं वठवूं लागला. हा मनुष्य गाऊं शकत असता आणि शुइस्कीची भूमिका करिता तर काय बहार झाली असती, असें शाल्यापिनला वाटलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें बोरिसची भूमिका केली. गादीसाठीं राजपुत्राचा वध करविल्याचा संशय ज्याच्यावर आहे, आणि ज्याचें मन त्यास आंतून कुरतडीत आहे, असा हा झार. ही भूमिका त्यानें पुढें सुमारें चाळीस वर्षें केली, आणि ऑपेराच्या रंगभूमीवरची त्याची अखेरची भूमिकाहि हीच ठरली.

देशाबाहेरील कीर्तीचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९०१ सालीं मिलान येथील ला स्काला नाट्यगृहांत बोइतोच्या ‘मेफिस्तोफेले’मध्यें त्यानें सैतानाची भूमिका केली. संचालक तोस्कानिनी आणि सोबतीस कारूसो. अशा स्थळीं परदेशी गायकानें इटालियन लोकांस इटालियन ऑपेरा ऐकविणें हें धाडसच. पैसे घेऊन टाळ्या वाजविणाऱ्यांची टोळी त्याच्याकडे आली असतां त्यानें त्यांस दाराबाहेर काढलें, आणि तरीहि तो जिंकला. १९०७ सालीं न्यूयॉर्कांत मात्र टीकाकारांनीं त्यास झोडपलें. तेथील यशासाठीं १९२१ सालापर्यंत थांबावें लागलें. दरम्यान १९०८ सालीं दियागिलेव्हनें ‘बोरिस गोदुनोव्ह’ पॅरिसला नेला. त्या वेळची एक हकीकत शाल्यापिननें सांगितली आहे. रंगीत तालमीच्या दिवशीं पडदे व पोशाख तयार नव्हते. तो नेहमींच्या कपड्यांत, तोंडास रंग न लावतां गायला. मृत राजपुत्राची छाया कोपऱ्यांत दिसून बोरिस दचकतो तो प्रसंग आला, आणि त्याच्या नजरेच्या रोखानें प्रेक्षकांनीं माना वळविल्या. कित्येक तर जागेवरून उठून त्या कोपऱ्याकडे पाहूं लागले. त्यांतील बहुतेकांस रशियन भाषेचें अक्षरहि कळत नव्हतें. मुकुट नाहीं, दाढी नाहीं, अंगरखा नाहीं, शब्दांचा अर्थ ठाऊक नाहीं, आणि तरी भय खरें. काकु म्हणजे काय याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, ही हकीकत स्वतः नटानेंच सांगितलेली. तिच्यावर किती विसंबावें? सुदैवानें थोडा पुरावा आपल्या कानांपुरता उपलब्ध आहे. १९२८ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत प्रत्यक्ष प्रयोग चालू असतां त्याच्या बोरिसचे कांहीं प्रसंग मुद्रित करण्यांत आले, आणि ते आज कोणासहि घरबसल्या ऐकतां येतात. त्या वेळीं त्याचें वय पंचावन्न. छायेच्या प्रसंगांत आरंभीं गुदमरलेला श्वास ऐकूं येतो. मग आवाज लिहिलेल्या स्वरांवरून घसरूं लागतो, अर्धा बोलण्यांत अर्धा गाण्यांत अडकतो, किंचाळीपर्यंत चढतो. आणि शेवटीं देवाची करुणा भाकतांना तो पुन्हां स्वरावर येतो, तेव्हां तो झारचा आवाज राहिलेला नसतो, एका थकलेल्या पापी माणसाचा झालेला असतो. मृत्यूच्या प्रसंगांत मुलाचा निरोप घेतांना तो जवळजवळ कुजबुजतो, पण त्या कुजबुजण्यांतहि स्वराची रेघ तुटत नाहीं. थांबा, मी अजून झार आहें, अशा अर्थाची गर्जना येते, आणि लागलीच क्षमायाचनेंत विरून जाते. व्होल्गेवरील नावा ओढणाऱ्यांचें प्रसिद्ध गीत ऐकावें, तर मजुरांची रांग दुरून जवळ येते आणि पुन्हां दूर जाते असा भास तो निव्वळ आवाजाच्या चढउतारानें करून देतो. मुसोर्ग्स्कीच्या पिसवेच्या गीतांतलें सैतानाचें हास्य घ्यावें, तर त्यांतला प्रत्येक हशा निराळा आहे. एकांत उपहास, दुसऱ्यांत धमकी, तिसऱ्यांत निव्वळ मजा. आवाजाविषयींच बोलावयाचें तर त्याचा खर्ज अथांग नव्हता; त्याहून खोल आवाजाचे गायक रशियांत पुष्कळ झाले. खोलीपेक्षां वळणाची त्याची मातब्बरी.

दोष नव्हते असें मात्र नाहीं, आणि ते झांकण्याचें कारण नाहीं. लयीच्या बाबतींत तो मनमानी करी. संचालकांशीं त्याचे खटके उडत, आणि एक-दोनदां तर प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत गेलें. हुंदके, सुस्कारे, घुसमट हीं त्याच्या हातीं अर्थपूर्ण होतीं. पण त्याच्या नकला करणाऱ्या पिढीच्या हातीं तो एक सवंग प्रघात होऊन बसला, आणि मुसोर्ग्स्कीनें काय लिहिलें होतें हेंच लोक विसरूं लागले. उत्तरायुष्यांत परदेशीं तो त्याच त्या मोजक्या भूमिका करीत राहिला, आणि भोंवतालीं जुजबी मंडळी असली म्हणजे एका पर्वतासभोंवार वारुळें असावींत असें दृश्य दिसे. जो मनुष्य सर्व पात्रांचें गाणें पाठ करून बोरिस झाला, त्याच्या प्रयोगांत इतर पात्रें फिकीं पडावीं, ही गोष्ट खेदाचीच म्हटली पाहिजे.

१९३२ सालीं त्यानें आपल्या आठवणींचें दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘मुखवटा आणि आत्मा’ असा आहे. त्यांत एक मार्मिक विधान आहे. रंगभूमीवर मी असतों तेव्हां शाल्यापिन दोन असतात, एक भूमिका करतो आणि दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो, असा त्याचा भावार्थ. ग्लिंकाच्या ऑपेरांत सुसानिन या देशभक्त शेतकऱ्याची भूमिका करीत असतां एकदां त्याच्या डोळ्यांत खरेंच पाणी आलें. लगेच त्याच्या लक्षांत आलें कीं हे अश्रू सुसानिनचे नव्हेत, सुसानिनची कींव आलेल्या शाल्यापिनचे आहेत. सुसानिन असा रडला नसता, आणि शिवाय रडणाऱ्या गळ्यास गातां येत नाहीं. नटास स्वतःस रसाचा अनुभव येतो कीं नाहीं, हा आपल्याकडील रसचर्चेंतलाहि जुना वाद आहे. शाल्यापिनचें उत्तर नमुनेदार आहे: अनुभव यावा, पण पहारेकऱ्यास झोंप लागूं नये.

हा पहारेकरी लक्षांत ठेवून आतां दुसऱ्या मताकडे, म्हणजे त्याच्या वर्तनावरील आक्षेपाकडे, वळूं.

१९०५ च्या क्रांतीच्या दिवसांत शाल्यापिननें बोल्शोई रंगभूमीवर मजुरांचें एक गीत गायिलें होतें. मॅक्झिम गॉर्की हा त्याचा जिवलग मित्र. दोघांचेंहि बाळपण सारख्याच हलाखींत गेलेलें. त्यामुळें स्वातंत्र्यवादी लोक त्यास आपला समजत. अशांत १९११ च्या जानेवारींत मारिइन्स्की नाट्यगृहांत ‘बोरिस’चा प्रयोग होता आणि झार निकोलस प्रेक्षागृहांत आला होता. समूहगायकांचें पगारासंबंधीं कांहीं गाऱ्हाणें होतें. तें झारपुढें मांडण्यासाठीं त्यांनीं अंक संपल्यावर एकाएकीं रंगभूमीवर गुडघे टेकून राष्ट्रगीत म्हणण्यास सुरुवात केली. शाल्यापिनला या बेताची कल्पना नव्हती. त्याच्या सांगण्याप्रमाणें मागल्या पडद्यास एकच अरुंद दार होतें आणि तें माणसांनीं अडलेलें होतें. शंभर माणसें खालीं वांकलेलीं आणि त्यांत हा धिप्पाड पुरुष एकटा उभा. क्षणभर तो थांबला, आणि त्यानेंहि गुडघा टेकला.

दुसऱ्या दिवसापासून जें काहूर उठलें तें वर्षभर शमलें नाहीं. समाजवादी पुढारी प्लेखानोव्ह यानें शाल्यापिननें दिलेली तसबीर परत केली. गॉर्की खवळला, पुढें काप्री बेटावर समक्ष भेट होऊन सारी हकीकत कळल्यावर त्याचें मन निवळलें. चित्रकार सेरोव्ह मात्र निवळला नाहीं. मामोंतोव्हच्या दिवसांपासून ज्याच्याकडून शाल्यापिन पाहावयास शिकला, त्या या मित्रानें संबंध तोडले, आणि त्याच वर्षीं तो वारला. हा घाव शाल्यापिनच्या मनांतून कधीं गेला नाहीं.

आम्ही या कृत्याचें समर्थन करीत नाहीं. उभें राहणें शक्य होतें आणि उभें राहावयास हवें होतें. परंतु त्यांत खुशामत होती हें मत आम्हांस पटत नाहीं. खुशामतखोर मनुष्य आधीं हिशेब करतो. येथें हिशेबास वेळच नव्हता. ज्या माणसानें एकेका पावलासाठीं, एकेका हस्तविक्षेपासाठीं महिनोन्‌महिने तयारी केली, त्याच्यावर तालमीवांचून, क्षणार्धांत एक हालचाल करण्याची पाळी आली. आणि त्या क्षणीं तो पहारेकरी शाल्यापिन जागेवर नव्हता. उरला तो काझानच्या कारकुनाचा मुलगा. भोंवतालचीं सर्व माणसें वांकलीं असतां आपणहि वांकावें, हें त्या मुलाच्या हाडींमांसीं खिळलेलें होतें.

या निदानास पुष्टि देणारी दुसरी एक घटना आहे, आणि टीकाकार बहुधा ती विसरतात. पहिल्या महायुद्धांत जखमी शिपायांसाठीं त्यानें स्वखर्चानें रुग्णालयें चालविलीं. क्रांतीनंतर तो लागलीच पळाला नाहीं. उपासमारीच्या दिवसांत त्यानें शिपायांपुढें व कामगारांपुढें गाऊन मोबदल्यांत पीठ घेतलें, आणि १९१८ सालीं नव्या राजवटीनें त्यास ‘जनतेचा कलावंत’ ही पदवी दिली. घराच्या झडत्या, मालमत्तेची जप्ती आणि अधिकाऱ्यांची अरेरावी यांस कंटाळून १९२२ सालीं तो दौऱ्यासाठीं म्हणून बाहेर पडला तो परतला नाहीं. पुढें १९२७ सालीं पॅरिसच्या रशियन देवळाच्या आवारांत निर्वासितांचीं फाटक्या कपड्यांतलीं मुलें त्यानें पाहिलीं आणि त्यांच्यासाठीं धर्मगुरूच्या हातीं ५००० फ्रँक दिले. ही वार्ता छापून आली. मॉस्कोंत तिचा अर्थ क्रांतीच्या शत्रूंस मदत असा करण्यांत आला आणि त्याची पदवी काढून घेण्यांत आली. तो राजकारणी मनुष्य असता तर हें दान त्यानें गुप्तपणें केलें असतें, किंवा केलेंच नसतें. येथेंहि हिशेब नव्हता. समोर उपाशी पोरें दिसलीं आणि काझानच्या उपाशी पोरानें खिशांत हात घातला.

म्हणजे १९११ सालीं ज्या स्वभावानें त्याची मान खालीं घातली, त्याच स्वभावानें १९२७ सालीं त्याची मान उंचावली. आणि दोन्ही वेळां त्यास शिक्षाच झाली, एकदां एका पक्षाकडून, एकदां दुसऱ्याकडून. रंगभूमीवर अहोरात्र जागा असणारा पहारेकरी बाहेरच्या जगांत त्यानें कधीं नेमलाच नाहीं. ज्यांना पहिला प्रसंग आठवतो त्यांनीं दुसरा विसरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

निर्वासनाचीं सोळा वर्षें त्यानें जगभर गात काढलीं. १९३३ सालीं पाब्स्ट या दिग्दर्शकाच्या बोलपटांत तो डॉन किहोटे झाला. १९३६ सालीं जपानचा दौरा करीत असतां टोकियोंत त्यानें आपलीं शेवटचीं गीतें मुद्रित केलीं. गॉर्कीशीं दुरावा आला होता. तरी त्याच वर्षीं गॉर्की वारल्याचें कळतांच त्यानें त्याच्यावर मनापासून लिहिलें. १९३८ च्या एप्रिलच्या १२ तारखेस रक्ताच्या कर्करोगानें पॅरिस येथें त्याचें देहावसान झालें. १९८४ सालीं त्याच्या अस्थि मॉस्कोस नेऊन नोवोदेविची स्मशानभूमींत पुरण्यांत आल्या आणि १९९१ सालीं त्याची पदवीहि त्यास परत देण्यांत आली. पदवी परत मिळाली तेव्हां तिचा धनी जाऊन त्रेपन्न वर्षें झालीं होतीं.

शाल्यापिनच्या चरित्रावरून तरुण गायकांनीं कांहीं बोध घ्यावयाचा असेल तर तो आवाजाविषयींचा नव्हे. आवाज कोणास मिळतो, कोणास मिळत नाहीं. त्यास इलाज नाहीं. परंतु दळणवाला कसा बोलतो हें नटास विचारणें, राजा कसा बोलला असेल हें इतिहासकारास विचारणें, वस्त्राची चुणी कशी पडते हें चित्रकारास विचारणें, आणि उत्तर मिळाल्यावर आपली चूक कबूल करणें, हें कोणासहि करतां येण्याजोगें आहे. तें फार थोडे करतात. वाचकांस सवड झाल्यास त्यांनीं १९२८ सालचें तें मुद्रण एकदां अवश्य ऐकावें. भाषा कळणार नाहीं. कळण्याची जरूरहि नाहीं. बोरिस मुलाचा निरोप घेतो तेथवर आलें म्हणजे आपण काय ऐकत आहों हें निराळें सांगावें लागणार नाहीं.